मामांची पेन्सिल

एक जानेवारीला आमच्या घराला कुलूप असतं. लहानथोर सगळे कोरेगाव भीमाला. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेब तिथं आले होते, आणि येरवड्याहून कोरेगाव काही लांब नाही, त्यामुळं घरी बसायला सबबच नसते. रात्री येऊन दुखरे पाय चेपत झोपायचं. म्हणून आमचं नवं वर्ष खरं म्हणजे दोन तारखेला उजाडतं. धुणीभांडी आटोपली की आम्ही दोघी जावा ओट्यावर उन्हात जुनेराचं गाठोडं सोडतो आणि आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, सुई मागतात. ओवून द्यावी लागते. डोळ्यांनी साथ सोडलीय, हातानं नाही.

दरवर्षी एक वाकळ. खाली एक नऊवारी, वर एक नऊवारी, मधे पोरांचे विटलेले सदरे, फाटके परकर, जुनी धोतरं. चार कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर दगड ठेवून कापड ताणायचं, लांब लांब टाके घालून थर धरून ठेवायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करून फेऱ्या घेत आत यायचं. घाई केली की पोटात गोळा जमतो. आणि एक सांगतो, नायलॉनची साडी कुणी फुकट दिली तरी वाकळीला घेऊ नका. सुईखालून सरकते, घाम टिपत नाही. सुती जुनेराची गोष्टच वेगळी. जितकं धुवावं तितकं मऊ.

दोघी शिवायला बसलो तर गप्पाच होतात आणि गप्पांतून भांडणं. म्हणून एकीनं शिवायचं, दुसरीनं वाचायचं, बोटं दुखली की पाळी बदलायची. वाचायचं तेही आधी वाचलेलंच. पोरं हसतात, "परत तेच?" सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून आणलेली नवी पुस्तकं त्यांना खुशाल वाचू द्यावीत. वर्षाचा पहिला महिना आमचा ओळखीच्या पुस्तकांचा. गेल्या वर्षी उर्मिला पवारांचं 'आयदान' झालं. त्यांची आई बांबूच्या टोपल्या, सुपं विणायची हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "आता जमलं आमचं." त्याआधी बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं'. बाईंनी ते फलटणला दुकानात बसून, नवऱ्याला कळू न देता लिहिलं आणि लपवून ठेवलं, हे सांगितल्यावर आत्याबाई कितीतरी वेळ एकट्याच हसत होत्या. का, ते काही सांगितलं नाही.

यंदा 'बलुतं' घेतलं. ते घ्यायला आम्हाला सात वर्षं धीर झाला नव्हता.

त्याचं असं झालं. सात वर्षांपूर्वी घराचे पत्रे बदलले. पावसाच्या आत काम उरकायचं होतं. माळ्यावरची वर्तमानपत्रं, पोरांच्या वह्या पोत्यात भरल्या आणि रद्दीवाल्याला दिल्या. त्या पोत्यात मामांचं 'बलुतं' गेलं. मामा म्हणजे आमचे सासरे. सातवी शिकलेले, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्म गेला. दया पवारांचं हे पुस्तक १९७८ साली आलं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांनी ते घेतलं आणि मरेपर्यंत उशाशी ठेवलं. त्यात जागोजागी त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. पोत्यात कुणी घातलं यावरून आम्ही दोघींनी आठ दिवस अबोला धरला. आत्याबाई मात्र एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

परवाच्या सहा डिसेंबरला नवी प्रत आणली. कोरी करकरीत. दोन तारखेला वाचायला सुरुवात केली, तर दहा-बारा पानांवर आत्याबाई म्हणाल्या, "आता थांब. पेन्सिल घे."

"का हो?"

"ते हितं खूण करायचे."

आत्याबाईंना अक्षर येत नाही. आम्हाला वाटलं, म्हातारपणाचं बोलणं. पण पुढं पुन्हा थांबवलं, मग पुन्हा. तेव्हा लक्षात आलं. रात्री कामावरून आल्यावर मामा मोठ्यानं वाचायचे आणि ह्या कंदिलाशी बसून वाकळ शिवायच्या. पुस्तक त्यांनी कानांनी पाठ केलं होतं. मामा कुठं थांबले, कुठं खोकले, कुठं पेन्सिल शोधली, सगळं!

चौथ्या दिवशी मुंबईच्या कावाखान्याचा भाग आला. तिथल्या बाया रस्त्यावर चिंध्या, कागद वेचत हिंडायच्या, ते वर्णन. आत्याबाईंनी सुई खाली ठेवली.

"हितं ते दोनदा वाचायचे. मोठ्यानं न्हाई. मनात."

आम्ही गप्प. मग त्याच म्हणाल्या, "त्यांची आय चिंध्याच येचायची. मुंबईला."

आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की मामांची आई मिलमध्ये होती. आमच्या मालकांनी पोरांना तेच सांगितलंय, अभिमानानं सांगितलंय.

"मिलमधली म्हणायचं, हे त्यांनीच ठरवलेलं. मी कशाला मोडू?"

"मग आज कशाला सांगितलंत?"

"तुम्ही खूण घालवली म्हणून. ती होती तवर माझ्यावर काय भार न्हवता. आता मी गेले तर कुणाला कळंल?"

समोर वाकळ पसरलेली होती. तिच्या पोटातल्या चिंध्यांकडं बघवेना.

रात्री घरात सांगितलं. थोरले उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले, जेवायला हाक मारली तरी आले नाहीत. धाकटे म्हणाले, "यात लपवण्यासारखं काय होतं?" आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण विचार केला तर तितकं सोपं नाही. छापील पुस्तकात दुसऱ्याच्या आईबद्दल वाचायला मामांना बळ मिळालं. स्वतःच्या पोरांपुढं स्वतःच्या आईचं सांगायला नाही मिळालं. त्यांना दोष द्यायला आमचं मन घेत नाही. अकरावीतल्या पोरीनं मात्र काही न बोलता पुस्तक मागून घेतलं आणि दिवा लावून बसली.

हे सगळं आत्याबाईंना विचारूनच लिहीत आहोत. थोरल्यांनाही विचारलं. ते "लिहा" म्हणाले, पण पेपर घरात आल्यावर आधी त्यांच्या हाती द्यायचा आहे.

दुसऱ्या दिवशी त्या ओळींखाली आम्ही पेन्सिलीनं रेघ ओढली. आत्याबाईंनी पुस्तक डोळ्यांपाशी नेऊन पाहिलं.

"आडवी न्हाई गं. ते उभी ओढायचे. कडंला."

पोरीच्या दप्तरातून खोडरबर आणलं, आडवी रेघ खोडली आणि कडेला उभी ओढली. वाकळीच्या अजून निम्म्या फेऱ्या राहिल्यात.