दाढेपर्यंत हात

अहिल्यानगर

चि. ताई,

परवा शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून तुझा फोन आला तेव्हा मी मढीच्या बाजारात होतो. गलक्यात नीट बोलता आलं नाही. 'काका, घोड्यांच्या दातांचंच काम करावं म्हणतेय, पण आपल्या नगरकडं त्याला कोण विचारतं?' हे तुझं वाक्य मात्र कानात राहिलं.

समोर कानिफनाथांच्या यात्रेतला गाढवांचा बाजार भरला होता. जो तो ओठ वर करून बघत होता. दोन दातांचं दुवान, चार दातांचं चौवान, मग अखंड जवान, भाव दातांवर. घोड्याचंही तेच. अडीच वर्षांचं झालं की मधले दुधाचे दात पडतात, साडेतीनला शेजारचे, साडेचारला कडेचे, पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. आपल्या माणसांना हे पुस्तकाशिवाय येतं, त्याचा मला आदर आहे. पण बघतात सगळे पुढचेच दात. जनावराला दुखतं ते मागं, दाढेत.

मीही तिथवर हात घातला नव्हता. पशुवैद्य म्हणून नोकरीच्या दुसऱ्या वर्षी शेवगावकडची एक वरातीची घोडी वाळत चालली होती. मी दोनदा जंताचं औषध दिलं, खुराक वाढवायला सांगितला. मालक उधारीनं हरभरा आणून घालत होता. एकदा ती खाताना शेजारी उभा राहिलो. अर्धवट चावलेले कडब्याचे गोळे तोंडातून पडत होते, लिदेत अख्खे हरभरे. तोंड उघडं धरणारा माउथ गॅग लावून हात आत घातला. वरच्या दाढांची कड सुरीसारखी, आणि गालाला आतून बोट बसेल एवढी जखम. त्याच तोंडात लगाम घालून तिला वरातीत नाचवत होते. अजून ते आठवलं की पोटात कालवतं.

घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद. दाढ वर्षाला दोन-तीन मिलिमीटर हिरडीबाहेर सरकते आणि चाऱ्यावर झिजते, पण सारखी नाही. वर गालाकडची नि खाली जिभेकडची कड उरते. कानशीनं तेवढीच घासायची. दाढ म्हणजे टाकी लावलेलं जातं. टाकीच पुसलीस तर जनावर दळणार कशानं? आणि घासून गेलेलं परत येत नाही.

इंग्लंडात पशुवैद्य नसलेली माणसंही परीक्षा देऊन हे घासण्याचं काम करतात. तू मात्र पदवीची साडेपाच वर्षं पुरी कर. भूल देणं, दाढ काढणं डॉक्टरचंच काम. तोवर कॉलेजातली घोड्याची कवटी घे, डोळे मिटून चोवीस दाढांवरून बोट फिरव. वरच्या मागच्या दाढांची मुळं नाकाशेजारच्या पोकळीत कशी शिरतात ते बघ. मग एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड आला तर त्याला सर्दी म्हणणार नाहीस.

कोण विचारतं म्हणतेस? पारनेरकडचे धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात ते बिऱ्हाड तट्टावर लादून. तट्टू बसलं की मेंढरांचा अख्खा वाडा अडतो. त्यांनी बोलावण्याची वाट बघायची नाही, आपण जायचं. कालच एकाचा फोन होता, तट्टू मान वाकडी करून चावतंय म्हणाला. पावसाच्या तोंडाला ते परततील. तेव्हा सुट्टी काढ. नखं कापून ये, हातात अंगठी नको.

तुझा,
काका