बसलेली गाडी

सकाळी पार्किंगमध्ये गेलो, तर गाडी पुढून डावीकडे पार जमिनीला टेकलेली. टायरमध्ये हवा होती. गेली होती ती एअर सस्पेन्शनची. मेकॅनिकने टॉर्च मारून रबरी फुग्याला गेलेली बारीक चीर दाखवली. तिच्यातून हवा गळत राहते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा धावतो आणि शेवटी तोही जळतो. एस्टिमेट दोन लाख दहा हजार! आमच्या जुन्या मारुतीचे शॉकअप नाक्यावरच्या गॅरेजात दुपारपर्यंत बदलून मिळायचे. या गाडीची वॉरंटी संपून चारच महिने झालेत. खड्ड्यांतून तरंगत नेतं म्हणून शोरूममध्ये हेच सस्पेन्शन कौतुकाने दाखवलं होतं. ते किती वर्षं टिकतं, हे कुणीच सांगितलं नाही. याचाच संताप येतो. संध्याकाळी आईला दवाखान्यात न्यायचं होतं. रिक्षाने गेलो.