काका, चिक्कप्पा आणि एक अक्षर

एका वाक्यातील शब्द पुढच्या वाक्यात परततो, त्याच्या नात्यातला दुसरा शब्द त्यापुढे येतो आणि सुटी वाक्ये एका संहितेत बांधली जातात. या बांधणीला भाषाविज्ञानात शाब्दिक संसक्ती म्हणतात, आणि हॅलिडे व हसन यांनी १९७६ साली इंग्रजीच्या संदर्भात तिची मांडणी केली. रेखाटलेल्या चेहऱ्याला नटाच्या मुद्रेतील बारकावे सहजी लाभत नसल्याने ॲनिमेशनपटात या बांधणीचा भार शब्दांवर अधिक पडत असावा.

उदाहरणार्थ, ‘द लायन किंग’ (१९९४) या ॲनिमेशनपटातील सिंबाचा बाप मुफासा आणि त्याचा घात करणारा स्कार हे भाऊ आहेत; ‘अंकल’ या शब्दातून नाते बापाकडचे की आईकडचे हे कळत नाही, मराठीत मात्र ‘काका’ म्हणावेच लागते आणि ते म्हणताच १७७३ साली शनिवारवाड्यात हत्या झालेल्या नारायणराव पेशव्यांची ‘काका, मला वाचवा’ ही हाक ऐकू येते, जी चित्रपटात कोणी लिहिलेली नाही. त्याच हत्येला चिकटलेला वाक्प्रचार म्हणजे ‘ध चा मा करणे’. हुकमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, असे परंपरा सांगते आणि वाक्प्रचार त्याला लबाडी म्हणतो. पण ती लबाडी साधली कशी, हे पाहू जाता दोन्ही शब्दांत ‘रावे’ तसेच उरलेले दिसते. वाक्याची वीण उसवली नाही, म्हणूनच बदल खपला. संसक्ती सांध्याची हमी देते, खरेपणाची नव्हे, आणि ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

सोलापुरात नात्याच्या शब्दाचा हा पेच आणखी गुंततो. तेथील कन्नड घरांत बापाचा धाकटा भाऊ ‘चिक्कप्पा’ असतो, पूर्व भागातील विणकरांच्या तेलुगू घरांत ‘चिन्नान्ना’. दोहोंचा अर्थ ‘लहान बाप’. म्हणजे मारणारा आणि मेलेला यांना सांधायला तेथे दुसऱ्या वाक्याची गरजच नाही, तो सांधा शब्दाच्या पोटातच आहे. पडद्यावरचा आवाज हिंदी असला, तरी ऐकणारे मूल मनात घरचाच शब्द ठेवत असेल, तर हा धागा संवादलेखकाचा म्हणावा की त्या मुलाचा?

शिवाय चित्रपटात कड्याला लोंबकळत मदतीची याचना करतो तो पुतण्या नव्हे, भाऊ. त्यामुळे शनिवारवाड्याची हाक येथे नीट बसत नाही. तरीही मराठी कानाला ती ऐकू येतेच, आणि ‘चिक्कप्पा’ म्हणणाऱ्या कानाला त्या जागी काय ऐकू येत असेल, ते मराठीतून सांगता येत नाही.