परिनाकोटाचा होला

चिलीच्या उत्तर टोकाला अरिका हे बंदर आहे. तेथून बोलिव्हियाकडे निघालेला रस्ता समुद्रकिनाऱ्यापासून काही तासांत सुमारे 4,500 मीटर उंचीवर नेतो. मधे 3,500 मीटरवर पुत्रे हे गाव लागते. तेथे दोन रात्री राहून शरीराला सवय होऊ द्यावी, असे अनेकांनी बजावले होते. परंतु जन्मभर बँकेत आकडे जुळविलेल्या मला तो मुक्कामाचा खर्च अनाठायी वाटला. त्याच दिवशी थेट चुंगारा सरोवर गाठण्याचा बेत मी केला.

लाउका राष्ट्रीय उद्यानात शिरेपर्यंत सौभाग्यवतींचे डोके ठणकू लागले. परिनाकोटा या चिमुकल्या वस्तीत त्यांना उलटी झाली आणि ओठ निळसर दिसू लागले. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जेमतेम 60 टक्के असतो. आमच्या आयमारा वाहनचालकाने सरोवराचा विषयच संपविला. गाडीतील प्राणवायूची नळी त्यांच्या नाकाशी धरली आणि श्वास थोडा स्थिरावला की लगेच खाली, असे खुणेने सांगितले. मी शेजारी बसून होतो. माझ्या हाती करण्यासारखे काहीही नव्हते.

त्या वेळी चर्चच्या पांढऱ्या आवाराबाहेर खडे हलल्यासारखे वाटले. नीट पाहिले तर ते पक्षी होते. वीतभरापेक्षा लहान, वाळूच्या रंगाचे, आखूड शेपटीचे होले सुकलेल्या गवताच्या पुंजक्यांमधून बी टिपत चालले होते. एक अगदी चाकाजवळ आला, तेव्हा त्याच्या पंखांवरचे सोनेरी ठिपके उन्हात चमकले. या होल्याचे शास्त्रीय नावही मेट्रिओपेलिया आयमारा, म्हणजे येथल्या माणसांचेच. पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिना येथील अँडीजच्या उंच, उघड्या माळांवर तो राहतो. ना वृक्ष, ना आडोसा. सारा संसार जमिनीलगत. आपल्याकडच्या होल्यांचे घुमणे कानांत असल्याने यांचे मौन मला फार जाणवले.

सौभाग्यवतींनी डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारले, "अहो, त्यांना टाकायला काही आहे का?" माहेरी दुकान उघडण्याआधी कबुतरांना ज्वारी टाकण्याची रीत त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. मी डब्यातला खाकरा चुरू लागलो, तोच चालकाने मान हलविली. उद्यानातील पक्ष्यांना काही घालायचे नाही. डबा मिटला. त्या मात्र बोलल्या, याचेच मला हायसे वाटले.

गाडी सुरू होताच थवा उडाला, पंखांचा घरघरता आवाज झाला आणि दहा पावलांवर उतरताच सारे पुन्हा मातीच्या रंगात नाहीसे झाले.

पुत्रे येथे पोहोचेपर्यंत त्यांच्या ओठांचा रंग परतला. रात्री त्यांनी कपभर मऊ भात खाल्ला. तेथे आम्ही दोन नव्हे, तीन रात्री राहिलो. चुंगारा पाहायचे राहूनच गेले.