एकाच नावाची दोन पोती

पुण्यात मी टेंभुर्णीचा म्हणून सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे सोलापूर रोडवरची ना? तिथं चहाला थांबतो आम्ही." ती टेंभुर्णी माढा तालुक्यातली. आमची जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यात. इथं चहाला थांबायचं तर मुद्दाम वाट वाकडी करून यावं लागतं. माझी पुस्तकांची एक पेटी एकदा त्या टेंभुर्णीचं दर्शन घेऊन, पंधरा दिवसांनी आमच्याकडं आली होती. पाठवणाऱ्या मित्रानं जिल्हा लिहिला नव्हता आणि पिनकोड अंदाजानं टाकला होता.

पिनकोड निघाला तो याच दुखण्यावर. एका नावाची अनेक गावं आणि पत्त्यांच्या नाना लिप्या, यातून वाट काढायला संस्कृतचे मोठे पंडितही असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसानं सहा आकड्यांची पद्धत बसवली. 15 ऑगस्ट 1972 पासून ती देशभर चालू झाली. नाव फसवू शकतं, आकडा फसवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. तरीही 2020 च्या पावसाळ्यात मी स्वतःच्या हातानं दोन टेंभुर्ण्या तयार केल्या.

लॉकडाऊन लागायच्या दोन दिवस आधी मी लॅपटॉप पाठीला लावून गावी पोचलो. घरात रेंज नाही, स्लॅबवर पाण्याच्या टाकीशेजारी मिळते, तीही दोन काड्या. त्याच आठवड्यात, 29 मार्चला, लिनक्स या संगणक प्रणालीची 5.6 ही आवृत्ती बाहेर पडली. जग बंद आहे आणि तिचा कर्ता लायनस टोरवाल्ड्सचं वेळापत्रक काही हललं नाही, याचं मला टाकीला टेकून बसल्या बसल्या कौतुक वाटलं. दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याचं एक रिलीज येतं, आधी सात-आठ चाचणीच्या फेऱ्या होतात आणि मग शेवटचा आकडा लागतो. कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या ज्या गिटमध्ये हे सगळं काम चालतं तेही त्याचंच. आधीचं साधन फुकट वापरायला मिळेना, म्हणून त्यानं एप्रिल 2005 मध्ये ते लिहायला घेतलं आणि थोड्याच दिवसांत गिटचं काम गिटमध्येच होऊ लागलं.

मी चार वर्षं हिंजवडीत रोज गिट वापरत होतो, पण एकही रिलीज स्वतःच्या हातानं काढलेलं नव्हतं. तिथं आपण काम मुख्य शाखेत मिसळायचं. पुढं यंत्र तपासतं, यंत्रच बांधतं आणि आकडाही आपोआप एकानं वाढतो. रोज आयती भाकरी खाणाऱ्याला पीठ किती भिजवायचं ते कुठं ठाऊक असतं?

ठाऊक करून घ्यायची वेळ आली ती मिरचीमुळं. आमच्याकडं दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे, त्यात कंपनीसाठी बीजोत्पादनाचा प्लॉट असतो. देऊळगाव राजापासून जाफराबादपर्यंत हा धंदा चांगला रुजला आहे. काम नाजूक. मादी झाडाची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं उघडून पुंकेसर काढायचे, नराचा पराग लावायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंगच म्हणतात. बिनदोऱ्याचं फळ म्हणजे सेल्फ, ते दिसलं की तोडायचं. एखादं सेल्फ नजर चुकवून राहिलं आणि त्याचं बी मिसळलं, तर पुढं कंपनी ते बी लावून शुद्धता बघते तेव्हा उघडं पडतं. त्या चाचणीला म्हणायचं जीओटी. जीओटी पास होईपर्यंत बहुतेक पैसे अडकलेले. म्हणून कोणत्या ओळीत कोणत्या दिवशी किती फुलं क्रॉस झाली, याची नोंद दादा दोनशे पानी वहीत ठेवत. (वडिलांना आम्ही दादाच म्हणतो.) त्या जूनमध्ये वही भिजली. मी म्हणालो, थांबा, तुम्हाला फोनवरच वही करून देतो.

जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं ते छोटं ॲप, नावही 'वही'. तारीख टाका, ओळ टाका, फुलं टाका; क्रॉसिंगला किती दिवस झाले ते दिसेल. दादांनंतर मामांनी घेतलं, मग शेजारच्या शेडनेटवाल्यांनी, मग एका तरुण सुपरवायझरनं. बारा जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. कॉलेजचा एक मित्र पुण्यातून कोडमध्ये हातभार लावू लागला, तेव्हा सगळं उघड्यावर ठेवून नीट आकडे लावून रिलीज काढायचं ठरलं.

गिटमध्ये प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षर-आकड्यांची एक ओळख मिळते. ती त्या नोंदीच्या मजकुरातूनच निघते, म्हणून मजकुरात एक काना बदलला तरी ती बदलते. माणसाला ती पाठ होणं शक्य नाही, म्हणून त्यातल्या एखाद्या नोंदीला आपण नाव देतो, 1.0.0 वगैरे. हा टॅग. तो दोन तऱ्हेनं लावता येतो. एक म्हणजे पोत्यावर खडूची खूण करावी तसा नुसता, दुसरा म्हणजे कोणी लावला, कधी लावला, कशासाठी लावला हे लिहून शिवलेल्या लेबलासारखा. रिलीजला दुसराच लावावा. कोड जिथं ठेवतो त्या संकेतस्थळावर टॅगवरून मग रिलीजचं पान उभं राहतं: काय बदललं त्याची यादी, उतरवून घ्यायची फाईल आणि त्या क्षणीचं सगळं कोड.

आकड्यांचीही रीत आहे, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहून ठेवलेली. जुनं मोडेल असा बदल केला तर पहिला आकडा वाढवायचा, नवी सोय दिली तर मधला, नुसती दुरुस्ती असेल तर शेवटचा. त्याच रीतीत एक कलम आहे की एकदा आकडा लावून बाहेर दिलेल्या मालाला पुन्हा हात लावायचा नाही, काही बदलायचं असेल तर नवा आकडा लावायचा. हे कलम मी वाचलं होतं. वाचलेलं आणि कळलेलं यात किती अंतर असतं ते पुढं येतंच.

पहिल्याच रिलीजला फजिती झाली, पण ती किरकोळ. टॅग लावला, पुश केलं, मित्राला ऐटीत सांगितलं, "बघ, 1.0.0 आलं." तो म्हणाला, काही नाही इथं. गिट पुश करताना टॅग आपोआप जात नाहीत, त्यांना वेगळं पाठवावं लागतं. अर्धा तास रेंजला शिव्या दिल्यावर हे कळलं.

सप्टेंबरात 1.2.0 काढलं. तारीख निवडायचं कॅलेंडर मामांच्या जाड बोटांना जुमानत नव्हतं, म्हणून तारीख सरळ लिहिता येईल अशी सोय केली. रात्री साडेअकराला स्लॅबवर बसून टॅग लावला, या वेळी आठवणीनं पाठवला आणि ग्रुपवर लिंक टाकली. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीला होती. दादा मोटार चालू करायला निघाले होते, त्यांनी खालूनच विचारलं, "काय करू राहिला रे इतक्या रात्री?"

"वहीचं नवीन रिलीज काढलं, दादा."

"जुनी भरली का?"

ते गेले आणि मला हौस म्हणून फोनवर मराठी कीबोर्डनं तारीख लिहून बघायची बुद्धी झाली. मराठी कीबोर्डवर आकडेही देवनागरी उमटतात आणि जावास्क्रिप्टला १२ हा आकडाच वाटत नाही. पायथन असती तर तिनं बारा वाचले असते, ही नुसती जळजळ. पडद्यावर दिवसांच्या जागी एन-ए-एन ही तीन रोमन अक्षरं आली. हा आकडा नव्हे, असा त्याचा अर्थ.

दुरुस्ती चार ओळींची होती. ती केली आणि इथं मी घाण केली. 1.2.1 काढायचं सोडून 1.2.0 चा टॅग पुसला, नव्या नोंदीवर तोच लावला आणि जोर करून पुन्हा पाठवला. पानावरची फाईलही बदलली. कारण खरं सांगायचं तर एकच: पंधरा मिनिटांत दुसरं रिलीज काढलं म्हणजे पहिलं चुकलं हे जगाला दिसणार. जग म्हणजे ग्रुपमधले बारा जण. एवढ्या रात्री कुणी उतरवून घेतलं नसेल, असं म्हणून झोपलो.

रात्रपाळीच्या लाईटमुळं अर्धं गाव जागं होतं, हे लक्षातच आलं नाही. चौघांनी तेवढ्यातच फाईल घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा फोन. "भाच्या, सातव्या ओळीला नान दिवस झाले म्हणतंय. नान म्हंजे किती?"

मी म्हणालो, "मामा, तुमच्याकडं जुनं असेल, 1.2.0 घ्या." ते म्हणाले, 1.2.0 च आहे. मी म्हणालो, नीट बघा. त्यांनी चष्मा लावून पुन्हा वाचून दाखवलं. तेवढ्यात सुपरवायझरनं ग्रुपवर फोटो टाकला: 1.2.0, एकेचाळीस दिवस, सगळं ठाक. मग ग्रुपवर मामांची थट्टा सुरू झाली. मामा म्हाताऱ्या फोनवर चालवतात, मामांना वाचता येत नाही, मामांनी नान हॉटेलात खावी. मीही हसऱ्या चेहऱ्याची पिवळी बाहुली टाकली.

तिसऱ्या दिवशी पुण्याचा मित्र म्हणाला, "माझ्याकडंही तसंच होतंय, मामांचं बरोबर आहे." त्यानं कोड ताजं करून घेतलं होतं, पण 2018 च्या डिसेंबरातल्या 2.20 पासून गिट आपल्याकडचा टॅग परस्पर बदलू देत नाही. ते नुसतं नकार कळवतं, आणि तो नकार घाईत कुणी वाचत नाही. शेवटी मी त्याला नोंदीच्या ओळखीची पहिली सात अक्षरं विचारली. त्याची वेगळी, माझी वेगळी. म्हणजे पिनकोड विचारल्यावर कळलं की तो माढ्यात आहे आणि मी जाफराबादेत.

गिटच्या टॅगविषयीच्या माहितीपत्रकात या प्रसंगावर स्वतंत्र प्रकरण आहे. इतका कोरडा मजकूर लिहिणाऱ्यांनी तिथं मात्र मन मोकळं केलंय. शहाणपणाचा मार्ग म्हणजे चुकलो म्हणावं आणि नवं नाव लावावं. दुसरा मार्गही दिलाय, पण त्याला सरळ वेडेपणा म्हटलंय.

संध्याकाळी जेवताना मी दादांना झालेलं सांगितलं. ते उठले आणि पत्र्याच्या पेटीतून एक घडी केलेला कागद काढून आणला. सोयाबीनच्या पिशवीचा निळा टॅग. प्रमाणित बियाण्याचा निळा, पायाभूतचा पांढरा, हे आमच्याकडं पोरासोरांना माहीत असतं. त्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याची ओरड फार झाली, म्हणून दादांनी पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बी सगळं जपून ठेवलं होतं. टॅगवर लॉट नंबर असतो, तपासणीची तारीख असते, मुदत असते.

"नाही उगवलं तर तक्रार कशावर होते? या नंबरवर," दादा म्हणाले. "आता उद्या कुणी याच नंबरानं चांगलं बी भरून दुकानात ठेवलं, तर तपासायला येणारा साहेब काय म्हणंल? म्हणंल, बी तर चांगलं हाये, शेतकरीच खोटारडा. तू मामाला खोटारडा केला."

मला तोवर वाटत होतं की मी नियम मोडला. नियमाचं काय, तो मोडला तर दुरुस्त होतो. मामा दोन दिवस खरं बोलत होते आणि मी त्यांच्या हातातला पुरावा रात्रीतून बदलून वर त्यांनाच चष्मा लावायला सांगितला होता.

त्याच रात्री 1.2.1 काढलं. काय बदललं त्या यादीत दुरुस्तीच्या आधी, पहिल्या ओळीत, टॅग हलवल्याची कबुली लिहिली. मामांना फोन केला. ते म्हणाले, "जाऊ दे रे. पण तो नान काढला का?"

तेव्हापासून रिलीजच्या आकड्याचा संकोच गेला. एका आठवड्यात तीन निघाली तर तीन. आकडे काही विकत आणावे लागत नाहीत. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी टेक या आपल्या अक्षरजुळणीच्या प्रणालीच्या आवृत्त्यांना गणितातल्या पायचे आकडे दिलेत. दर दुरुस्तीला एक अंक वाढतो आणि आवृत्ती पायच्या जवळ सरकते. 2021 मध्ये ती 3.141592653 झाली. नुथ यांच्यासारखा माणूस चुका अशा मोजून चारचौघांत मांडतो, तिथं माझ्या मिरचीच्या वहीला कसली लाज? उलट 'फायनल', 'फायनल 2', 'एकदम फायनल' अशी नावं देणारे लोक मला आता धोकादायक वाटतात, मी त्यांच्यातूनच आलो असल्यामुळं जास्तच.

यादी मी मराठीत लिहितो. 'किरकोळ सुधारणा' हा शब्दप्रयोग बंद केला, कारण त्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. त्याऐवजी 'मराठी आकड्यात तारीख लिहिली तरी दिवस बरोबर येतात' असं लिहितो. मामा वाचतात. टॅग लावायच्या आधी फाईल एक रात्र दादांच्या फोनवर ठेवतो, आणि सकाळी शेडनेटमध्ये त्यांनी पाच ओळी भरल्याशिवाय आकडा लावत नाही.

1.2.0 चं पान मी काढून टाकलेलं नाही. फाईल काढली आहे, आणि तिच्या जागी दोन्ही नोंदींच्या ओळखी एकाखाली एक लिहून ठेवल्या आहेत. खाली एक ओळ आहे: या नावाची दोन पोती बाहेर गेली, सातव्या ओळीची तक्रार खरी होती, 1.2.1 घ्या.