मैना, मुंबई आणि बेळगाव

चि. सोनूस,


कवितेनं राजकारण बदलतं का, हा तुझा प्रश्न. हो किंवा नाही म्हणण्याआधी अण्णा भाऊ साठ्यांच्या 'माझी मैना' या छक्कडीची गोष्ट सांगतो.

राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला. आधी द्वैभाषिक राज्य, मग केंद्रशासित मुंबई, फिरून द्वैभाषिक, असा दिल्लीचा घोळ चालू होता. साच्यावर उभ्या राहणाऱ्या गिरणीकामगाराला त्यात काय गम्य? अण्णा भाऊंनी अहवालाला हातच घातला नाही. पोटासाठी मुंबईची वाट धरलेला एक गडी घेतला. निघताना तो बायकोला दागिन्यांनी मढवायचं वचन देतो. मुंबईत श्रीमंती डोळ्यांनी बघतो, खिसा मात्र रिकामाच. इथवर ही नुसती विरहाची लावणी आहे. मग शाहीर सांगतो की महाराष्ट्राचीही हीच गत झालीय, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी नावं घेऊ लागतो.

लालबाग-परळच्या चाळी अशाच गड्यांनी भरल्या होत्या. बायको साताऱ्याला नाहीतर रत्नागिरीला, आपण खानावळीत. नकाशा त्यांना वाचता येत नसेल, ताटातूट पाठ होती. शाहीर ओळ टाकणार, झिलकरी उचलणार, पुढच्या खेपेला सगळं मैदान. राज्यपुनर्रचनेचं कलम असं घरच्या दुःखात नेऊन बसवणं एकाही पुढाऱ्याच्या भाषणाला जमलं नसतं. आचार्य अत्र्यांच्यासुद्धा!

म्हणून गाण्यानं मराठी राज्य आणलं असं मी म्हणत नाही. आंदोलनात शंभरावर माणसं गेली, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र बसले आणि १९५७ च्या निवडणुकीत मुंबईत नि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला दणका बसला. शेवटी १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. गाण्यातली ती चार ठिकाणं मात्र बाहेरच राहिली. गाणं तेच, ताकदही तीच. पण मुंबई बंद पडली की दिल्लीच्या पोटात गोळा यायचा, बेळगावनं तो येत नव्हता. बेळगावकरांनी पुढं वर्षानुवर्षं महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून दिले, तरीही.

आणि शाहिराच्या पदरात काय पडलं? अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत वर्षानुवर्षं राहिले आणि १९६९ मध्ये पन्नाशीच्या आतच गेले.

दुसरी गोष्ट नामदेव ढसाळांची. त्यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आणि दलित पँथर ही संघटना दोन्ही १९७२ चे. तिथं कवीच संघटना बांधायला उतरला. पुढं आणीबाणीत त्यानंच इंदिरा गांधींचं कौतुक केलं. त्यामुळं 'गोलपिठा'ची धार बोथट झाली असं मला वाटत नाही, पण कविता आवडली म्हणून कवीच्या मागं मोर्चात जाऊ नये, एवढं मी त्यातून घेतलं.

तू पाठवलेली कंत्राटी सफाई कामगारांवरची कविता वाचली. 'व्यवस्था' आणि 'शोषण' हे शब्द ओळीओळीत आहेत, पण पहाटे कुणाला हातमोजा मिळाला नाही, कुणाचा पगार कापला गेला, हे कुठंच नाही. त्यांच्यापैकी एखाद्याला ती वाचून दाखव. तो मधेच उठून गेला, तर कुठल्या ओळीला उठला ते मला कळव.

तुझा,
मामा