आस्थेचा पत्ता

जेझुइटांच्या विद्यापीठांत 'कुरा पेर्सोनालिस' हा लॅटिन शब्दप्रयोग फार प्रिय आहे. समग्र व्यक्तीविषयीची आस्था, असा त्याचा आशय. माझे आयुष्य अध्यापनात गेल्यामुळे असेल, पण संस्थेचा कोणताही मूल्यलेख हाती आला की त्यात शिपाई आणि झाडणारी बाई कुठे आहे, हे मी आधी पाहतो.

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात या शब्दाचा कस दोनदा लागला. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ गुलाम, त्यांत लेकरेही, लुइझियानातील मळेवाल्यांना विकले. त्या पैशाचा काही भाग याच संस्थेच्या कर्जफेडीत गेला. विक्री घडवून आणणारे फादर थॉमस मलेडी संस्थेचे अध्यक्षही होते. त्यांच्या नावाची इमारत आवारात दीर्घकाळ उभी होती. २०१७ मध्ये तिला आयझॅक हॉकिन्सचे नाव मिळाले. विक्रीच्या कागदांत पहिला उल्लेख या आयझॅकचा आहे.

मृतांचे ऋण मान्य करणे कठीण खरेच. पण जिवंतांचे मान्य करायला तिजोरी उघडावी लागते. २००५ च्या मार्चमध्ये तिथल्या काही विद्यार्थ्यांनी उपोषण केले, ते कंत्राटी सफाई कामगारांना जगण्याइतके वेतन मिळावे म्हणून. कामगार कंत्राटदाराचे, तेव्हा जबाबदारी कोणाची, हा आपल्याकडेही ओळखीचा असलेला प्रश्न. अखेर विद्यापीठाने न्याय्य रोजगाराचे धोरण स्वीकारले आणि कंत्राटावरची माणसे त्यात आली. प्राध्यापकांनी वर्गात सांगितलेला लॅटिन शब्द विद्यार्थ्यांनी उपाशीपोटी व्यवस्थापनाला वाचून दाखवला होता.